साहेलची सांथ आणि पुण्याची लस

मेंदू व पाठीचा कणा यांचें रक्षण करण्यासाठीं निसर्गानें त्यांवर पातळ आवरणें घातलीं आहेत. त्या आवरणांस सूज आली म्हणजे तिला मस्तिष्कावरणदाह अथवा मेनिंजायटिस म्हणतात. १८०५ सालीं जिनिव्हा नगरींत या रोगाची सांथ उद्भवली व व्हियुस्यो नामक वैद्यानें तिचें वर्णन लिहून ठेविलें. सांथीचा जंतु हातीं लागण्यास मात्र १८८७ साल उजाडावें लागलें. व्हिएन्ना येथील वाइक्सेलबाउम यानें तो शोधून काढला. १८९१ सालीं जर्मनींतील क्विंके यानें कण्यांतील पाणी सुईनें काढण्याची रीत घालून दिली, त्यामुळें निदान निश्चित होऊं लागलें. पुढें सल्फा व पेनिसिलीन आलें आणि मृत्यूचें प्रमाण पुष्कळ घटलें.

परंतु औषध रोग्यास वांचवितें. सांथ थोपवीत नाहीं. आफ्रिकेंत सेनेगलपासून इथिओपियापर्यंत सहारा वाळवंटाच्या दक्षिणेस जो पट्टा पसरला आहे, तेथें कोरड्या ऋतूंत हार्मटन नांवाचा धुळीचा वारा वाहतो, घसा व नाक कोरडें पडतें, आणि जंतूस वाट सांपडते. १९९६-९७ च्या सांथींत तेथें अडीच लाखांहून अधिक लोक आजारी पडले व सुमारें पंचवीस हजार दगावले.

जुनी लस जंतूच्या शर्करामय कवचापासून केलेली असे. तिचा प्रभाव थोड्याच वर्षांत ओसरे व तान्ह्या मुलांस ती फारशी लागू पडत नसे. तेंच कवच धनुर्वाताच्या निर्विष प्रथिनाशीं जोडलें असतां शरीर तें दीर्घकाळ स्मरणांत ठेवतें. ही विद्या ठाऊक होती. अडचण किंमतीची होती. एका मात्रेस अर्ध्या डॉलराहून अधिक देणें त्या गरीब राष्ट्रांस शक्य नव्हतें. जागतिक आरोग्य संघटना व पाथ ही संस्था यांनीं २००१ सालीं हें कार्य आरंभिलें, आणि त्या किंमतींत लस करण्याचें पत्करलें तें पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटनें. ६ डिसेंबर २०१० रोजीं बुर्किना फासो देशांत 'मेनआफ्रिव्हॅक' टोंचण्यास प्रारंभ झाला. पुढील दहा वर्षांत तीस कोटींहून अधिक लोकांनीं ती घेतली, आणि २०१७ नंतर त्या पट्ट्यांत 'अ' जातीच्या जंतूचा एकही निश्चित रोगी आढळला नाहीं. जंतूच्या इतर जाती मात्र उरल्याच. पांच जातींवरील नवी लस पुण्यांतच तयार झाली व मार्च २०२४ मध्यें नायजेरियानें ती प्रथम वापरण्यास घेतली.

हा इतिहास दूरदेशींचा असला तरी रोग कोणत्याही घरीं येऊं शकतो. अकस्मात् तीव्र ताप, असह्य डोकेदुखी, ओकारी, उजेड सहन न होणें, मान ताठ होऊन हनुवटी छातीस न टेकणें, हीं त्याचीं लक्षणें होत. तान्ह्या मुलांत मान ताठ होईलच असें नाहीं. दूध न पिणें, ग्लानि येणें व टाळू फुगणें यांवरूनच तो ओळखावा लागतो. वांचलेल्या दर पांचांपैकीं सुमारें एकास बहिरेपणासारखें व्यंग जडतें. म्हणून अशा रात्रीं घरगुती काढा उकळीत पहाटेची वाट पाहूं नये, रुग्णालय गांठावें. या रोगांत कांहीं तासांचा विलंबही जिवावर बेततो.