पदवीधर आणि स्थानिक परिसर : सातारा जिल्ह्याच्या शैक्षणिक इतिहासातून विद्यार्थी-संशोधनास मिळणारी दिशा

प्रस्तावना

पदवीधर तरुण आपल्या परिसरात का थांबत नाही, हा ग्रामीण महाविद्यालयांपुढील महत्त्वाचा प्रश्न आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 अन्वये अभ्यासक्रमात क्षेत्रीय प्रकल्पाला स्थान मिळाल्याने विद्यार्थ्यांना त्याचा अभ्यास करण्याची संधी उपलब्ध झाली आहे. 'पदवीनंतर येथेच राहणार काय?' असे अंतिम वर्षाच्या विद्यार्थ्यांना विचारून टक्केवारी काढणे सोपे असते. परंतु त्यातून केवळ इच्छा कळते. प्रत्यक्षात काय घडले हे जाणण्यासाठी इतिहासाकडे वळावे लागते. त्या दृष्टीने सातारा जिल्ह्याचे उदाहरण उद्बोधक आहे.

स्थलांतराची पूर्वपीठिका

साताऱ्याहून मुंबईकडे जाणारा ओघ पदवीधरांपासून सुरू झालेला नाही. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुंबईत कापड गिरण्या वाढल्या, तेव्हा रत्नागिरीप्रमाणे साताऱ्यातूनही कामगार तेथे गेले. पुढे माथाडी कामगारांतही सातारकरांची संख्या लक्षणीय राहिली. माण-खटावसारख्या अवर्षणप्रवण तालुक्यांत शेती बेभरवशाची होती. त्यामुळे 'शिक्षणामुळे गाव सुटते' हे गृहीतक अपुरे ठरते.

रयत शिक्षण संस्थेचा अनुभव

कर्मवीर भाऊराव पाटील यांनी 1919 मध्ये काले (ता. कराड) येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली. 1924 मध्ये सातारा येथे वसतिगृह, 1935 मध्ये अध्यापक प्रशिक्षण विद्यालय, 1947 मध्ये सातारा येथे छत्रपती शिवाजी महाविद्यालय आणि 1954 मध्ये कराड येथे महाविद्यालय असा संस्थेचा विस्तार झाला. प्रत्येक नव्या शाळेला शिक्षक हवा होता आणि तो घडविण्याची व्यवस्था संस्थेने स्वतःच उभी केली होती. सुशिक्षित तरुण ग्रामीण भागात राहिला, त्यामागे ध्येयवाद होताच. पण त्या ध्येयवादाला नियमित कामाचा आधार होता. हे 'राहणे'ही जन्मगावी असेच असे नव्हे. संस्थेच्या शाळा जेथे, तेथे शिक्षक जात असे.

आधार क्षीण होताना

1983 मध्ये राज्यात खासगी विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना वाट मोकळी झाली. पदवी तालुक्याजवळ आली. त्या पदवीला साजेसे काम मात्र बहुतांशी पुणे-मुंबई परिसरातच राहिले. 2001 पासून नव्या शाळांना 'कायम विनाअनुदान' तत्त्वावर मान्यता देण्याचे धोरण आले आणि 2012 मध्ये शिक्षकभरतीवर निर्बंध आले. ज्या नोकरीने पूर्वी पदवीधराला परिसरात धरून ठेवले होते, तिचाच मार्ग अरुंद झाला.

थांबणे कोणाच्या हिताचे?

पदवीधराने गावी थांबणे हे नेहमीच इष्ट मानता येत नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी 4 नोव्हेंबर 1948 रोजी संविधान सभेत खेड्याच्या गौरवीकरणावर कठोर टीका केली होती. जातीय जाचातून बाहेर पडणाऱ्या पदवीधरासाठी शहर हा मुक्तीचा मार्ग ठरू शकतो. विवाहामुळे गाव सोडणाऱ्या पदवीधर स्त्रीचे स्थलांतर रोजगाराच्या स्थलांतरात मिसळणेही सदोष होय.

निष्कर्ष

सातारा जिल्ह्याच्या अनुभवावरून असे दिसते की पदवीधर परिसरात टिकतो तो केवळ आवाहनाने नव्हे, तर त्याच्या शिक्षणाची गरज असलेले काम तेथे निर्माण झाल्याने. म्हणून विद्यार्थी-संशोधकांनी जनरल रजिस्टरच्या आधारे दहा, वीस व तीस वर्षांपूर्वीच्या तुकड्यांचा मागोवा घ्यावा. गेलेले, राहिलेले आणि परतलेले यांची स्वतंत्र नोंद करावी. तीत लिंग, सामाजिक गट व विद्याशाखा यांचा भेद पाळावा. माजी विद्यार्थ्यांची माहिती त्यांच्या संमतीने व नावे गुप्त ठेवूनच वापरावी. असे संशोधन महाविद्यालयालाही आरसा दाखवील : आपण दिलेल्या पदवीसाठी या परिसरात काम आहे काय, आणि नसल्यास ते उभे करण्यात आपला वाटा कोणता, हा प्रश्न त्यातून अध्यापकांपुढे येतो.