कामकऱ्याच्या छातीवरील यंत्र

कोपर स्थानकात खालच्या फलाटावरून दिवा–वसई मार्गाच्या वरच्या फलाटाकडे जाणारा जिना आहे. तो चढताना आमच्या एका सहकाऱ्याची छाती धडधडे, डोळ्यांपुढे अंधारी येई. कारखान्याच्या दवाखान्यात त्याला खाटेवर निजवून हृदयालेख काढला. तो निर्दोष निघाला आणि ‘कामास योग्य’ असा शेरा घेऊन गडी पुन्हा भट्टीसमोर उभा राहिला. पुढे चोवीस तासांचा आलेख काढला तेव्हा दोष सापडला. तोवर दीड वर्ष गेले होते. तेव्हापासून आम्ही या यंत्राचा इतिहास वाचू लागलो. आमची शाळा लवकर सुटली. विजेचे जे काही कळते ते वायरमन मित्रांच्या कृपेने.

१८८७ साली लंडन येथे ऑगस्टस वॉलर यांनी पाऱ्याच्या सूक्ष्म नळीच्या साहाय्याने माणसाच्या हृदयातील विजेची नोंद प्रथम केली. पुढे हॉलंडातील लायडनचे विलेम आइंथोव्हन यांनी चुंबकाच्या ध्रुवांमध्ये चांदीचा मुलामा दिलेला क्वार्ट्झचा तंतू ताणून अचूक आलेख मिळविला. हे गृहस्थ जन्मले जावा बेटावर. त्यांच्या यंत्राचे वजन सुमारे २७० किलो; चालवावयास पाच माणसे लागत. रोग्याने हातपाय मिठाच्या पाण्याच्या भांड्यांत बुडवून स्वस्थ बसावयाचे. १९२४ साली आइंथोव्हन यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

एवढे अवजड यंत्र छातीवर यावयाचे तर वर्धक, म्हणजे अॅम्प्लिफायर, हवा. त्वचेवर मिळणारा हृदयाचा विद्युत्‌दाब असतो जेमतेम एक मिलिव्होल्ट. बॅटरीच्या साध्या सेलच्या दीडहजारावा हिस्सा! शिवाय घरातल्या तारांतील सेकंदाला ५० आवर्तनांची गुणगुण शरीर झेलते, ती पुष्कळदा याहून मोठी. यावर तोड अशी: दोन जागी पट्ट्या लावाव्या, दोन्हींकडे समान असेल ते वगळावे, फरक तेवढाच वाढवावा. असा वर्धक केंब्रिजच्या मॅथ्यूज यांनी १९३४ साली वर्णिला.

दुसरी अडचण पट्टीचीच. धातू व त्वचा यांच्या संयोगाने शेकडो मिलिव्होल्ट आपोआप उत्पन्न होऊ शकतात. पहिल्याच टप्प्यात सारे हजारपट केले तर वर्धक गच्च भरून मुका होतो. म्हणून प्रथम थोडे वाढवावयाचे, मग कपॅसिटरने स्थिर दाब अडवावयाचा, नंतर खरी वाढ. माणूस हलला की हा दाबही हलतो आणि हृदयाचे सोंग घेतो. ते सोंग गाळताना चाळणी फार बारीक झाली, तर रोगाची खूणही पुसली जाते. संयोजकाचे खरे कसब येथे लागते.

हलत्या माणसाचे हृदय ऐकण्याचा ध्यास घेतला अमेरिकेतील मोंटाना राज्याच्या नॉर्मन हॉल्टर यांनी. त्यांचे पहिले यंत्र सुमारे ३८ किलोंचे, पाठीवर बांधावयाचे! ट्रान्झिस्टर आला, ओझे उतरले. १९६१ साली त्यांनी आपली पद्धत ‘सायन्स’ नियतकालिकात मांडली. माणूस कामावर असताना त्याचे हृदय काय म्हणते, हे आता तासन्‌तास नोंदता येऊ लागले.

आपल्याकडेही हात स्वस्थ बसले नाहीत. तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने हातात मावणारे, मोबाइलवरून आलेख धाडणारे यंत्र सिद्ध केले, पवईच्या आय. आय. टी.त गळ्यात घालावयाचे ‘सिलिकॉन लॉकेट’ घडले.

श्रोतेहो, ओझ्याचा प्रश्न सुटला. नोंद कोणाच्या हाती राहावी, हा उरला. छातीवरचे यंत्र नोकरीवरून काढण्याचे निमित्तही होऊ शकते. म्हणून करारात दोन कलमे असावीत असे आम्हांस वाटते: उष्णतेच्या व कष्टाच्या कामावर असलेल्याची तपासणी त्या कामावरच व्हावी, आणि आलेखाची पहिली प्रत त्याच्या हाती पडावी. आमचा तो सहकारी आज हलक्या कामावर आहे. जिना तो अजून चढतो, पण मध्ये एकदा थांबून.