'एके'मधला माणूस

'एके' ही अक्षरे 'अव्तोमात कलाश्निकोव्हा' या शब्दांची. शस्त्र बदलत गेले, निर्मात्याचे नाव मात्र त्याला चिकटून राहिले. २०१८ मध्ये रशियन सैन्याने स्वीकारलेली ५.४५ मिलिमीटरची 'एके-१२', ७.६२ची 'एके-१५', आखूड नळीची 'एके-१२के' ही या घराण्याची नवी रूपे. २०२३च्या आवृत्तीतून दोन गोळ्यांच्या झडीची सोयही गेली. तरी वायूच्या दाबाने मागे सरकणारा दट्ट्या आणि फिरता बोल्ट हा गाभा १९४७चाच आहे.

तरुणपणी कविता लिहिणारे मिखाईल कलाश्निकोव्ह २०१३ मध्ये वारले. आपल्या रायफलीने घेतलेल्या जिवांचा दोष आपल्या माथी येतो का, असे अखेरच्या काळात त्यांनी रशियन चर्चचे प्रमुख किरील यांना पत्राने विचारले होते. रचनेतील उणीव पुढच्या आवृत्तीत दुरुस्त करता येते. या प्रश्नाबाबत तशी सोय नव्हती.