देवाचा मुखवटा लिलावात

गावदेवाचा मुखवटा कुणा एकट्याचा नसतो, सगळ्या गावाचा असतो. अमेरिकेतल्या ॲरिझोनात होपी आदिवासी राहतात. त्यांचे पवित्र मुखवटेही असेच सगळ्यांचे. होपी त्यांना जिवंत सोबती मानतात; ते विकायचा हक्क कुणालाच नाही. तरी २०१३ साली पॅरिसला त्यांचा लिलाव झाला. होपींच्या वतीनं कोर्टात दाद मागितली, पण लिलाव थांबला नाही. डिसेंबरच्या लिलावात ॲनेनबर्ग फाउंडेशननं नाव न सांगता बोली लावली आणि सुमारे ५ लाख ३० हजार डॉलर मोजून २४ वस्तू घेतल्या, त्या परत करण्यासाठीच. २१ होपींच्या, ३ सॅन कार्लोस अपाची आदिवासींच्या. ज्यांचं त्यांना मिळावं, म्हणूनही किंमत मोजावी लागली! दारात जुन्या वस्तू घेणारा आला, तर आम्ही बायका आधी एवढंच विचारतो: हे एकटीचं, की सगळ्यांचं?