निग्रोधमृगाचा चित्रपट आणि १९५७ ची मुंबई

इ. स. १९५७ हे वर्ष आपल्या घराघरांत एका ग्रंथामुळे ओळखले जाते. बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणानंतर ‘द बुद्ध अँड हिज धम्म’ त्या वर्षी मुंबईत प्रकाशित झाला. त्याच शहरात, त्याच वर्षी भारत सरकारच्या फिल्म्स डिव्हिजनने ‘द बॅनियन डिअर’ हा छोटा रंगीत ॲनिमेशनपट तयार केला. त्याचा विषय होता निग्रोधमिग जातक. या दोन घटना एकमेकींपासून किती दूर होत्या, हा विचार तो चित्रपट पाहताना आमच्या मनातून जात नाही.

फिल्म्स डिव्हिजनच्या कार्टून विभागाला तेव्हा जेमतेम वर्ष झाले होते. शिकवायला आले होते क्लेअर वीक्स. जन्म भारतातला, आईवडील मिशनरी, आणि कारकीर्द डिस्नेच्या स्टुडिओत. ‘बॅम्बी’ (१९४२) या हरिणाच्या पाडसाच्या प्रसिद्ध चित्रपटावर त्यांनी काम केले होते. अमेरिकेच्या तांत्रिक साहाय्य योजनेतून ते मुंबईत आले. त्यांच्या हाताखाली शिकलेल्या तरुणांपैकी राम मोहन पुढे भारतीय ॲनिमेशनचे अध्वर्यू मानले गेले. एका सेकंदाला चोवीस चौकटी, आणि प्रत्येक हालचाल हाताने काढायची. आज संगणकावर दोन बिंदूंमधली हालचाल यंत्राकडून भरून घेणाऱ्या आमच्यासारख्यांना त्या नवशिक्या चमूच्या चिकाटीपुढे नम्र व्हावेच लागते.

चित्रपटाचे बलस्थान त्याच्या पार्श्वभूमीत आहे. दृश्यांची प्रेरणा अजिंठ्याची आहे. आणि अजिंठा म्हणजे मुळात कथनाचीच चित्रकला. सतराव्या लेण्यात वेस्संतर आणि छद्दंत जातकांचे प्रसंग एकाच भिंतीवर, चौकटी न आखता, एकमेकांत मिसळत पुढे जातात. पाहणाऱ्याची नजर चालते आणि कथा घडते. पहिल्या लेण्यातील एका स्तंभशीर्षावर तर चार हरिणांना मिळून एकच डोके कोरले आहे. ज्या देहाकडे पाहावे, त्याचेच ते डोके वाटते. हालचालीचा भास निर्माण करण्याची ही युक्ती आमच्या मते कोणत्याही स्टुडिओच्या तोडीची आहे.

उणीवही येथूनच सुरू होते. पार्श्वभूमी अजिंठ्याची, पण हरिणांची चाल, त्यांचे डोळे आणि लाघव ‘बॅम्बी’च्या घराण्याचे. त्यामुळे दोन्हींमधला सांधा दिसत राहतो. आपल्या येथील मुलांना ‘डॉट अँड द कांगारू’ (१९७७) माहीत असेल. त्यात योराम ग्रॉस यांनी ऑस्ट्रेलियातील खऱ्या रानाच्या चित्रणावर रेखाटलेली पात्रे ठेवली. तेथेही सांधा दिसतो, पण तो मुद्दाम राखलेला आहे. मुंबईच्या चित्रपटातील सांधा शिष्याने गुरूचा हात गिरवल्यामुळे आला आहे. पहिल्याच प्रयत्नात तो दोष क्षम्य, तरी दोष खराच.

अधिक महत्त्वाचा प्रश्न कथेचा. वाराणसीच्या राजाच्या उद्यानात दोन कळप कोंडलेले आहेत. रोज एका हरिणाने पाळीने वधस्थानी जायचे, असा नियम ठरतो. एके दिवशी साखमृगाच्या कळपातील गाभण हरिणीची पाळी येते. ती प्रसूतीपुरती सवलत मागते. साख नकार देतो : पाळी ती पाळी. निग्रोध तिला परत पाठवतो आणि तिच्या जागी स्वतःची मान ठेवतो. वरवर समान दिसणारा नियम गर्भवतीवर अन्याय करतो, हे त्या कथाकाराला उमगले होते. १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात प्रसूती लाभ विधेयकाची बाजू मांडताना बाबासाहेबांचा मुद्दा याहून फार निराळा नव्हता. फरक एवढाच की, त्यांनी तो दयेवर सोडला नाही, कायदा मागितला.

मूळ पाली अट्ठकथेत ही मृगकथा एका भिक्खुनीच्या निमित्ताने येते. संघात आल्यावर ती गर्भवती असल्याचे कळते आणि देवदत्त चौकशीवाचून तिला घालवून देतो. ती जेतवनात बुद्धांकडे जाते. बुद्ध उपालींना जाहीर चौकशी करावयास सांगतात, विशाखा तिची तपासणी करते, गर्भ प्रव्रज्येपूर्वीचा असल्याचे सिद्ध होते आणि ती निर्दोष ठरते. मुलांसाठी जातके सांगताना ही बाजू बहुधा गळून पडते. मग उरतो राजाचे हृदयपरिवर्तन. पूर्वजन्माची चौकट न मानणाऱ्या आपल्यासारख्यांना तर कथेतील हीच चौकशी अधिक जवळची वाटावी. इतिहासातील राजाची गतीही कथेतल्यापेक्षा मंद होती. अशोकाच्या पहिल्या शिलालेखात पाकशाळेतली हत्या दोन मोर आणि एका मृगापर्यंत उतरल्याची नोंद आहे, आणि तो मृगही नित्य नव्हे.

चित्रपटगृहांना तेव्हा मुख्य खेळाआधी फिल्म्स डिव्हिजनचे लघुपट दाखवणे बंधनकारक होते. बुद्धांना राष्ट्राचा वारसा म्हणून पडद्यावर आणणाऱ्या त्याच शासनाच्या लेखी, १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात धम्म स्वीकारलेल्या लाखो माणसांचे अनुसूचित जातींचे हक्क मात्र संपले होते. केंद्राच्या यादीत बौद्धांना स्थान मिळायला १९९० उजाडले. हा भार त्या तरुण चित्रकारांवर टाकणे अन्यायाचे होईल. पण आपल्या आजी-आजोबांच्या पिढीला भिंतीवरचा बोधिसत्त्व सरकारी आणि वस्तीतला बौद्ध बेदखल, असा अनुभव आला, हे मुलांना सांगितल्यावाचून हा चित्रपट दाखवणे आम्हाला अपुरे वाटते.

आपल्या धम्मवर्गांत तो अवश्य दाखवावा. दाखवून झाल्यावर भिक्खुनीची चौकशी वाचावी. वेळ उरल्यास कथेचा शेवटचा भागही घ्यावा. अभय मिळालेली हरिणे शेतकऱ्यांची पिके खाऊ लागतात. लोक तक्रार घेऊन राजाकडे जातात, पण राजा दिलेला शब्द मोडायला तयार होत नाही. तेव्हा निग्रोध आपल्या कळपाला परक्या शेतात शिरण्यास मनाई करतो आणि शेतकऱ्यांना निरोप धाडतो : कुंपण घालू नका, शेताच्या कडेने खूण म्हणून पाने बांधा.