रुग्णनिवास, धर्मादाय

दूरगावाहून उपचारांसाठी आलेल्या रुग्णाची व त्याच्या कुटुंबीयांची रुग्णालयाजवळ विनामूल्य वा अल्प मोबदल्यात केलेली निवासाची सोय. गंभीर आजारी बालकांच्या बाबतीत ती उपचारांचेच एक अंग ठरते. रक्ताच्या कर्करोगावरील उपचार दोन ते तीन वर्षे चालू शकतात व त्यांतील बराच काळ बालक रुग्णालयात दाखल नसते. औषधांमुळे श्वेत कोशिका घटलेल्या असताना त्यास स्वच्छ जागा, ताजे अन्न व उकळलेले पाणी लागते. पदपथावर यांपैकी काहीच मिळत नाही. राहण्याचा खर्च व बुडालेली मजुरी यांमुळे पालक उपचार अर्ध्यावर सोडतात आणि बरा होण्याजोगा रोगही प्राणघातक ठरतो.

महाराष्ट्रात या सोयीचे मूळ तीर्थक्षेत्रांतील धर्मशाळांत आढळते. पंढरपूर, नासिक, आळंदी इ. ठिकाणी धर्मशाळा उभारणारे गाडगे महाराज (१८७६–१९५६) यांनी १९५४ मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयाजवळ रुग्णांच्या नातेवाइकांसाठी धर्मशाळा बांधविली. यात्रेकरूचा निवारा अशा रीतीने रुग्णालयाच्या दारी आला. परळ येथे १९४१ मध्ये सुरू झालेल्या टाटा स्मारक रुग्णालयाकडे देशभरातून रुग्ण येऊ लागल्यावर ही गरज वाढली. गाडगे महाराज मिशनची दादर येथील धर्मशाळा व १९६८ मध्ये स्थापन झालेल्या नाना पालकर स्मृती समितीचे परळ येथील रुग्णसेवा सदन ही त्यांतील प्रमुख होत.

केवळ बालरुग्णांच्या कुटुंबांसाठी असलेल्या निवासांची चळवळ अमेरिकेत फिलाडेल्फिया येथे १९७४ मध्ये पहिले रॉनल्ड मॅक्डॉनल्ड हाऊस उघडल्यावर पसरली. मुंबईत २००६ मध्ये सेंट ज्यूड इंडिया चाइल्डकेअर सेंटर्स या संस्थेने कर्करुग्ण बालकांसाठी असे कार्य आरंभिले. तेथे प्रत्येक कुटुंबास स्वतंत्र जागा मिळते व सामाईक स्वयंपाकघरात आई आपल्या सवयीचे अन्न शिजविते.

मराठवाड्यातील रुग्णांना पूर्वी मुंबईचीच वाट धरावी लागे. औरंगाबाद (छत्रपती संभाजीनगर) येथे १९५६ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय व २०१२ मध्ये शासकीय कर्करोग रुग्णालय सुरू झाल्याने हे अंतर कमी झाले. तथापि पडेगावसारख्या शहरालगतच्या वस्तीतील कुटुंबास घरून ये-जा करता येते, तशी हिंगोली वा परभणीकडील कुटुंबास येत नाही. उपचार विनामूल्य झाले, तरी निवाऱ्यावाचून ते अशा बालकाच्या आवाक्याबाहेरच राहतात.