पाटीभर माती

इतिहास म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर लढाया उभ्या राहतात. ठाण्याचा इतिहास सांगू लागलो, तर १७३७ साली मराठ्यांनी पोर्तुगिजांकडून ठाणे घेतले तेथून आम्ही आरंभ करू, आणि १८५३ साली बोरीबंदराहून ठाण्यास पहिली आगगाडी आली तेथे येऊन थांबू. खाडीकाठच्या माणसांचा रोजचा व्यवहार या इतिहासात क्वचितच येतो. आज तोच विषय आम्ही घेतला आहे. कारण पर्यावरणासाठी सामान्य माणसाने काय करावे, या प्रश्नाचे उत्तर आमच्या मते तेथे सापडते.

बाळकुम हे त्यासाठी सोयीचे ठिकाण. ठाण्याहून भिवंडीच्या वाटेला लागले की हे गाव येते, आणि पुढे कशेळीचा पूल. पुलाखालचे पाणी उल्हास नदीचे. सह्याद्रीत उगम पावून कर्जत, बदलापूर, कल्याण करीत ती येथे पोचते, तेव्हा निम्मी नदी व निम्मी खाडी झालेली असते. दिवसातून दोनदा भरती तिच्यात शिरते आणि दोनदा ओसरते.

ठाणे आणि वसईच्या खाड्यांकाठी पिढ्यान् पिढ्या भातशेती झाली ती या भरतीला अडवून. मातीचा बांध घालायचा आणि त्यात उघाडी ठेवायची. ओहोटीला उघाडीतून पावसाचे पाणी बाहेर जाते, भरतीला तिचे दार पाण्याच्या दाबानेच मिटते. अशा जमिनीस खारजमीन म्हणतात. यंत्र नाही, तंत्र साधे. परंतु अट मोठी कडक. खेकड्याच्या बिळाएवढे भोक वेळेवर बुजविले नाही, तर उधाणात त्याची खांड होते, आणि एकदा खारे पाणी शेतात भरले की कित्येक पावसाळे जमीन धुतली जावी तेव्हा कोठे पुन्हा भात येते. पाणी शिरताना शेत कोणाचे हे विचारीत नाही. म्हणून बांधावर घरटी माणूस जात असे व पाटीभर माती टाकत असे. अलिबागकडच्या खारेपाटात या सामुदायिक कामाला ‘जोळ’ असे नावच होते. पुढे १९४८ साली खारजमिनींसाठी कायदा झाला. कायदा हवाच, परंतु रात्री उधाण आले असता बिळाशी बसायला कायदा येत नाही, माणूसच यावा लागतो.

हीच दृष्टी राज्यकर्त्यांतही होती. १६५७ साली कल्याण-भिवंडी स्वराज्यात आली आणि याच खाडीच्या परिसरात मराठ्यांच्या आरमाराचा आरंभ झाला. आरमाराला लाकूड लागते. रामचंद्रपंत अमात्यांनी १७१६ च्या सुमारास लिहिलेल्या आज्ञापत्रात या लाकडाविषयी आज्ञा आहे. तिचा आशय असा : आंबे-फणसांना हात लावू नये, कारण ती झाडे वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत, रयतेने ती लेकरांसारखी वाढविलेली असतात. अगदीच जीर्ण झालेले झाड असेल, तर धन्याला राजी करून, मोल देऊन, मगच तोडावे. राज्याची निकड आणि परसातला एक आंबा यांत येथे आंब्याचीही बाजू ऐकली गेली, हे विशेष.

जुने तेवढे सोने, असे मात्र आम्हांस म्हणावयाचे नाही. आपल्या आज्या जुन्या लुगड्याची गोधडी शिवीत, बोहारणीला कपडे देऊन भांडे घेत, मोरीच्या पाण्यावर केळ आणि अळू वाढवीत, राखेने भांडी घाशीत. यात शहाणपण होते, तशी टंचाईही होती. आणि एक गोष्ट लज्जेने सांगितली पाहिजे की, घराबाहेरची घाण उचलण्याचे काम आपल्या समाजाने काही जातींच्या माथी मारले होते. दिवसा गाव झाडून रात्री कीर्तन करणाऱ्या गाडगेबाबांनी (१८७६–१९५६) खराटा हाती धरला, तो या पापावरच.

ते पाप आज संपले काय? ओले आणि सुके एकाच डब्यात टाकून आपण दार लावतो, तेव्हा शिळ्या भातातून काच आणि कागद वेगळा काढणारा हात कोणाचा असतो, याचा विचार करावा. २०१६ च्या नियमांनी कचरा वेगळा करण्याचे कर्तव्य घरावरच टाकले. ते निमूट पाळणे हे पर्यावरणाचे काम आहेच, पण त्याआधी ते माणुसकीचे आहे.

पिशवीचेही तसेच. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. त्या महापुराच्या कारणांत प्लास्टिकने तुंबलेली गटारे हेही एक होते. २००६ साली पातळ पिशव्यांवर नियम आले, २०१८ साली राज्याने बंदी घातली. तरीही भाजीवाल्यापुढे मोकळ्या हाताने उभे राहणारे आपणच असतो. नाल्यात गेलेली पिशवी ओहोटीला खाडीत जाते व भरतीला तिवरांच्या मुळांत अडकून राहते.

मग करावे काय? घडी केलेली कापडी पिशवी खिशात असावी. आपल्या शहरांतील घरगुती कचरा वजनाने सुमारे निम्मा ओला असतो. तो मडक्यात वा बादलीत सुक्या पाल्याबरोबर थराथराने घातला, तर दोन-अडीच महिन्यांत खत होते. गळका नळ लगेच दुरुस्त करावा. सेकंदाला एक थेंब गळाला, तर दिवसाचे ८६,४०० थेंब होतात. वीस थेंबांचा एक मिलिलिटर धरला, तरी ते चार लिटरांहून अधिक पाणी, आणि वर्षाचे दीड हजार लिटरांहून अधिक.

एकट्याने केल्याने काय होणार, असे कोणी म्हणेल. कारखान्याचे सांडपाणी आणि खाडीतील भराव यांचा जाब शासनाला विचारलाच पाहिजे. आपली बादली हा त्याला पर्याय नव्हे. पण ज्याने स्वतः बांधावर माती टाकली आहे, त्याच्या प्रश्नाला वजन येते. खारजमिनीचा शेतकरी आपल्या पाटीने समुद्र अडेल असे कधी मानीत नव्हता. आपली पाटी चुकली तर खांड आपल्याच जागी पडेल, एवढे तो जाणून होता. शेते गेली, बांध बुजले, तेथे आपण राहावयास आलो. भरती मात्र पूर्वीसारखीच दिवसातून दोनदा येते.